धरणाकाठची खोपडी कोरडी कशी राहील

खानदेशात पाऊस कोकणासारखा महिना महिना लागून राहत नाही. येतो तो दोन-तीन तास दणकून येतो आणि मग आठ-पंधरा दिवस नुसतं ऊन. त्यामुळे हतनूर, गिरणा, वाघूर या धरणांच्या काठावर किंवा नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीसाठी जी खोपडी उभी राहते, तिच्या ओलीचा आधीपासून विचार कोणी करत नाही. चार खांब, चार पत्रे, झालं काम. मग जुलैत पायाखालची जमीन लिबलिबायला लागते, ऑगस्टात अंथरुणाला कुबट वास येतो आणि डिसेंबरात आभाळ निरभ्र असताना पहाटे पत्र्यावरून थेंब टपकतात. ‘भाऊ, पत्रा गयी ऱ्हायना’ (पत्रा गळतोय) म्हणत लोक वर आणखी एक ताडपत्री ओढतात, भिंतीच्या फटी बुजवतात. त्यानं खोपडी आणखीच ओली होते.

पावसाचं पाणी दिसतं, त्याचा आवाज येतो, म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो. पण खोपडी सडवणारं बरंचसं पाणी जमिनीतून वर चढलेलं असतं, आणि उरलेलं आत राहणाऱ्यांनीच श्वासातून, चुलीतून, ओल्या जाळ्यांतून आणि बर्फाच्या पेटीतून आणलेलं असतं. त्यासाठी पैसे आधी जमिनीवर घालावेत, मग हवा खेळती ठेवण्यावर, आणि सर्वांत शेवटी पत्र्यावर. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो.

पाणी कुठून येतं ते आधी ओळखा

खर्च करण्याआधी एक रात्र द्या. जाड प्लॅस्टिकचा दोन फूट चौरस तुकडा खोपडीच्या जमिनीवर अंथरा आणि चारही कडांवर ओल न सोडणारं वजन ठेवा, म्हणजे फरशीचे तुकडे किंवा लोखंडी पट्ट्या. सकाळी तुकडा उचलून बघा. खालची बाजू ओली असेल तर ओल जमिनीतून येते आहे. वरची बाजू ओली असेल तर ती हवेतली वाफ आहे. दोन्ही बाजू ओल्या असल्या तर दोन्ही कामं करावी लागतील.

पत्र्याचंही तसंच. गळती असेल तर थेंब ठरलेल्या जागी पडतो, तिथे गंजाचा तांबूस डाग असतो आणि तो पाऊस चालू असतानाच पडतो. वाफेचे थेंब पत्र्याच्या पूर्ण पोटाला सारखे चिकटलेले असतात, पन्हळीच्या उतारानं घसरत वाशापाशी जमतात आणि तिथून पडतात. वेळ बहुधा पहाटे चार ते सहा. भिंतीच्या तळाला पांढरा लोणा फुटला असेल तर तिथे जमिनीची ओल चढते आहे हे नक्की समजावं.

जागा

धरणाच्या पाण्याची पूर्ण संचय पातळी कुठे येते ते गावातले भोई बांधव हातानं दाखवतात. तरी एकदा स्वतः बाभळी बघाव्यात. मागच्या पुरातला काडीकचरा, शेवाळ, फाटकं जाळं खोडावर ज्या उंचीला अडकलेलं असतं, खोपडीची जमीन त्याच्या वर हवी. उन्हाळ्यात पाणी हटल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, तिच्यावर पक्कं काही बांधू नये. ती दिसायला सपाट आणि सोयीची असते, पण आतून कित्येक फूट मऊ गाळच असतो.

तापीकाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हतनूर धरण तापी आणि पूर्णेच्या संगमाच्या खाली आहे. तापीचं पाणी बैतूल, बऱ्हाणपूरकडून येतं आणि पूर्णेचं विदर्भातून. आपल्याकडे ऊन असतानाही वरच्या पावसानं नदी फुगते आणि हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की खालच्या काठावर पाणी चढतं. म्हणून धरणाच्या खालच्या बाजूला खोपडी असेल तर गावातल्या पावसावरून अंदाज बांधू नये.

दाराचं तोंड पूर्वेला ठेवावं. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि तापीचं खोरं पश्चिमेला मोकळं असल्यानं सरी आडव्या मारतात. दार पूर्वेला असलं की सकाळचं ऊन थेट आत येतं. जमीन वाळवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

काळी माती आणि तिच्यावरचा चौथरा

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगा पावसाळ्याच्या सुरुवातीला नळीसारखं काम करतात. वीस फुटांवर साचलेलं पाणी जमिनीखालून सरळ खोपडीच्या मधोमध निघतं. शिवाय ही माती इतकी बारीक कणांची आहे की पाणी तिच्यातून आपोआप वर चढतं. वर सारवण कितीही चांगलं करा, खालून ओल येतच राहते.

पुढची सगळी मापं १० बाय १२ फुटांच्या खोपडीची आहेत. १० फूट पूर्व-पश्चिम, १२ फूट दक्षिणोत्तर. भिंतीबाहेर चारही बाजूंनी एक फूट चौथरा सोडायचा, म्हणजे तो १२ बाय १४ फुटांचा झाला.

काम मे महिन्यात करावं, माती कोरडी ठणठणीत असताना. आधी वरचा सहा इंच थर मुळ्या-गवतासकट काढून टाकायचा. खाली भेगा दिसतील त्यांत दगडाची बारीक कच ओतून, काठीनं ठासून त्या भरायच्या. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि पुढच्या दोन पावसांत पस्तावतात. मग मुरूम. चार ते सहा इंचांचा एक थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसनं (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकायचा, मग दुसरा थर. दीड फूट मुरूम एकदम ओतून वरून ठोकला तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खालचा भाग पोकळ राहतो. पावसाळ्यात चौथऱ्याला मधोमध खड्डा पडतो तो यामुळेच. सहा इंच जमिनीखाली आणि एक फूट जमिनीवर असा दीड फूट मुरूम ठोकून बसला पाहिजे. ठोकल्यावर तो २५२ घनफुटांच्या आसपास भरतो, पण ठोकताना आकसतो म्हणून आणताना सव्वातीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) धरावा.

मुरमाच्या वर, भिंतींच्या आत, सहा इंच गिट्टी. वीस किंवा चाळीस एमएमची कोणतीही चालेल, पण तिच्यात डस्ट नको. या थराचं काम एकच आहे, पाण्याची वर चढायची वाट तोडणं. बारीक कणांमधून पाणी चढतं, दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून चढू शकत नाही. डस्ट असली की ती पोकळी भरते आणि गिट्टीचे पैसे वाया जातात. क्रशरवरून आणलेली गिट्टी चाळणीवर टाकून पाण्यानं धुऊन घेतली तर उत्तम. १२० चौरस फुटांना सहा इंचाच्या थरासाठी ६० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास आणली की पुरते. कडेला विटांचे दोन थर लावून ती कोंडायची आणि उताराच्या बाजूला एक इंची पाइपचे दोन तुकडे तळाशी सोडायचे, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी बाहेर पडेल. पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावलीच पाहिजे. ती नसली की पहिल्या पावसात बेडूक येतो आणि त्याच्या मागे साप.

गिट्टीवर प्लॅस्टिक. शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉनचा कागद यासाठी फार चांगला. अस्तर टाकणाऱ्यांकडे तुकडे उरतात, ते मागून आणावेत. गिट्टीची टोकं कागदात घुसू नयेत म्हणून मध्ये जुनी पोती अंथरावीत. जोड असेल तर एक फूट चढवायचा आणि कडा भिंतीवर सहा इंच वर वळवायच्या. कडा जमिनीच्या पातळीलाच कापल्या तर ओल भिंतीकडून वळसा घालून वर येते.

त्यावर दीड इंच वाळू आणि शहाबादी फरशी, सांधे सिमेंटनं भरलेले. फरशीला १२ फुटांत दोन इंच उतार द्यायचा, उत्तरेच्या भिंतीकडे. फरशी परवडत नसेल तर झोपायच्या अर्ध्या भागात ठोकलेला मुरूम आणि शेणाचं सारवण चालतं. पण जिथे पाय धुतले जातात, मासळी हाताळली जाते, तिथे फरशीच हवी. सारवलेल्या जमिनीवर रोज पाणी पडलं की आठवड्यात तिचा चिखल होतो.

चर

चौथऱ्यापासून दोन फूट सोडून, चढाच्या बाजूनं घोड्याच्या नालाच्या आकाराचा चर काढायचा, दोन्ही टोकं उताराकडे उघडी. वर दीड फूट रुंद, तळाशी नऊ इंच, खोली एक फूट. बाजू उभ्या कापल्या तर काळी माती पहिल्याच पावसात ढासळते, म्हणून त्या तिरप्या हव्यात. उतार दहा फुटांना किमान एक इंच. चरात गिट्टी भरून तो झाकायची हौस अनेकांना असते, दिसतोही तो नीट. काळ्या मातीत तसं करू नये. एका पावसाळ्यात गाळ बसून गिट्टी गच्च होते आणि चर बंद पडला हे वरून कळतही नाही. उघडा चर ठेवावा आणि दर पंधरवड्याला फावडं मारावं.

खांब आणि कूड

निंब, बाभूळ किंवा साग, कोणतंही लाकूड असलं तरी ते कुजतं जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. अडीच फूट गाडायचा खांब तळापासून तीन फुटांपर्यंत डांबरात किंवा जळक्या ऑइलमध्ये भिजवून, पूर्ण वाळवून मगच उभा करावा. खांबाला खाली प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याची पद्धत वाईट आहे. पिशवीत वरून पाणी उतरतं, बाहेर पडत नाही आणि लाकूड तिथेच सडतं. कुंपणाचे सिमेंटचे पोल मिळाले तर हा प्रश्नच संपतो.

पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड जमिनीपासून निदान एक फूट वर सुरू व्हावा. खाली विटा किंवा डबराची ठेंगणी भिंत, तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी, मग कूड. पन्हाळ्याचं पाणी जमिनीवर आपटून चिखल फूट-दीड फूट उडतो, तो त्या ठेंगण्या भिंतीवर पडू द्यावा. माती, शेण आणि भुशाचा लेप पाऊस सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी आटपावा. ओल्या हवेत तो वाळत नाही, त्याला बुरशी धरते.

कुडाच्या आतून प्लॅस्टिक ठोकू नका. आतली वाफ कुडात शिरते, प्लॅस्टिकमागे अडकते आणि पऱ्हाट्या महिन्याभरात काळ्या पडतात. आडव्या सरी अडवायला प्लॅस्टिक हवंच असेल तर पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून, बांबूच्या पट्ट्यांवर दोन इंच अंतर सोडून टांगावं आणि पाऊस उघडला की गुंडाळून वर बांधावं.

पत्रा

पत्र्याला एकाच बाजूला उतार द्यावा, पश्चिमेकडे. पूर्वेची भिंत साडेआठ फूट, पश्चिमेची सहा फूट. दहा फुटांत अडीच फूट उतार पुरेसा होतो. १४ फुटी पत्रा घेतला की मध्ये आडवा जोड येत नाही आणि पश्चिमेला दोन फूट, पूर्वेला दीड फूट वळचण मिळते. उत्तरेला तेच छप्पर चार-पाच फूट पुढे न्यावं. तिथली पडवी किती कामाची आहे ते पुढे येतंच.

पत्रे टाकायला सुरुवात उत्तरेकडून करावी. दुसरा पत्रा पहिल्यावर चढतो आणि त्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलट टाकले तर नैऋत्येचा वारा पाणी थेट सांध्यात घुसवतो. शेजारच्या पत्र्यावर दोन पन्हळी चढवाव्यात. स्क्रू किंवा जे-हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीही नाही, आणि रबरी वॉशर दरवर्षी मेमध्ये बघावेत. आपल्या उन्हात रबर कडक होऊन तडकतं. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात, त्या दगडाखाली ओल आणि माती साचून तिथेच भोक पडतं. त्यापेक्षा तार आडवी ओढून खांबांना बांधावी.

पश्चिमेच्या वळचणीला पन्हाळ लावावी. ११० एमएमचा जुना शेतीचा पाइप उभा चिरला की दोन पन्हाळी होतात. पडवीसकट या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाचशे लिटरच्या वर पाणी जमतं. २०० लिटरच्या ड्रमात ते घेतलं तर पाय आणि जाळी धुवायला होतं, भरून वाहिलं की पाइपनं चरात सोडायचं. पन्हाळ लावली नाही तर एवढं सगळं पाणी भिंतीच्या मुळाशी एका रेषेत आपटतं. तिथे निदान दीड फूट रुंद, चार इंच जाड गिट्टीचा पट्टा तरी टाकावा.

आतली वाफ

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. या खोपडीत साधारण २५ घनमीटर हवा मावते. २० अंश तापमानाला ही हवा जास्तीत जास्त ४३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते, १० अंशांना जेमतेम २३५ ग्रॅम. म्हणजे संध्याकाळी दमट असलेली हवा पहाटे थंड झाली की जवळपास २०० मिलिलिटर पाणी सोडते आणि ते सर्वांत थंड जागी, पत्र्याच्या पोटाला बसतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो, त्यामुळे जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरला की हा त्रास सर्वांत जास्त.

त्यात आपण भर घालतो. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतो. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन निघतं, मग शेगडी कितीही निळी जळो. लाकूड जळतानाही वाफ निघते आणि ओलं असेल तर आणखी. ओलं जाळं, ओला रेनकोट, ओली चड्डी दोरीवर आत टांगली की तिच्यातलं सगळं पाणी शेवटी पत्र्यालाच जातं.

चुनकळीची (न विरलेल्या चुन्याची) बादली ठेवून हवा कोरडी करायचा उपाय काही जण सांगतात. एक किलो चुनकळी फार तर ३०० ग्रॅमच्या आसपास पाणी शोषते, तेवढं तर एकट्या माणसाच्या श्वासातून निघतं. आणि तिच्यावर चुकून पाणी सांडलं तर ती उकळून अंगावर उडते. तो नाद करू नये.

खरा इलाज म्हणजे वाट देणं. पूर्वेच्या उंच भिंतीवर, पत्र्याच्या लगेच खाली, चार इंच उंच आणि तीन फूट लांब फट उघडी ठेवायची. समोर पश्चिमेच्या भिंतीत नको, तिकडून सर येते. दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून फूटभर वर तेवढीच दुसरी फट. उबदार दमट हवा वरून निघते, कोरडी खालून आत येते. दोन्हींना जाळी. थंडीत लोक हीच फट पोत्यानं बुजवतात आणि पहाटे भिजतात. गार लागत असेल तर अंगावर आणखी एक गोधडी घ्यावी, फट उघडीच राहू द्यावी.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तलाव गोठतात आणि लोक बर्फावर लाकडी खोल्या नेऊन, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. बाहेर उणे वीस अंश असतानाही त्या खोल्यांना वर झरोका ठेवावा लागतो, कारण गॅसच्या हीटरची वाफ छताला गोठून नंतर वितळते. खोली लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवतात, कारण खोलीच्या आणि बर्फाच्या वजनानं खालचं पाणी भेगांतून वर येतं आणि जमिनीवर बर्फाचा चिखल होतो. हवामान आपल्या अगदी उलट, पण पाणी आत शिरायच्या वाटा त्याच.

पत्र्याखाली चार इंच पोकळी सोडून बांबूची तट्टी बांधली तर थेंब थेट अंथरुणावर पडत नाहीत. तट्टीलाही पत्र्याइतकाच उतार हवा. आणखी चांगला उपाय पत्र्याच्या वर आहे. चार ते सहा इंच गवत किंवा पाचट पसरायचं आणि त्यावर फाटकं जाळं ताणून बांधायचं, म्हणजे वारा उडवत नाही. पत्रा आकाशाला उघडा राहत नाही, म्हणून रात्री तेवढा थंड होत नाही, आणि मेमध्ये ४४-४५ अंशांत आत बसणं शक्य होतं. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र ते काढून ठेवावं, नाहीतर खाली पत्रा गंजतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना हा त्रास नव्हता, कारण लाकूड आणि खाऱ्या मातीचा जाड थर एका रात्रीत थंड होत नाही. पण धाब्याचं वजन पेलायला जाड खांब आणि सागाच्या तुळया लागतात, मासेमारीच्या खोपडीला ते परवडत नाही.

एक गोष्ट जिवाची आहे. रात्री थंडीत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं आत घेऊन दार लावून झोपू नये. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही असं समजून लोक झोपतात. फट उघडी असली तरी पेटती शेगडी झोपायच्या आधी बाहेर गेलीच पाहिजे.

पडवी, बर्फाची पेटी आणि पाय

ओलं काम सगळं पडवीत. जाळ्यांसाठी दोन आडवे बांबू, खालचा कमरेच्या उंचीला, वरचा डोक्याच्या वर. गॅस किंवा चूलही तिथेच, गवत आणि जाळ्यांपासून दूर.

बर्फाची पेटी पडवीतच ठेवावी, आत कधीही नाही. उन्हाळ्यात मासळीला तिच्या वजनाएवढा बर्फ लागतो. ४० किलो रोहू-कटल्यासाठी ४० किलो बर्फ धरला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातला मोठा भाग पाणी होऊन कुठेतरी जाणार. पेटीच्या तळाला अर्धा इंची नळी बसवून तिचं टोक डब्यात किंवा चरात सोडावं. पेटी सहा इंच उंच, विटांवर किंवा क्रेटवर, नळीच्या बाजूला थोडी कललेली. मासळी वितळलेल्या पाण्यात बुडून राहिली की रंग आणि चव जाते, म्हणून हे पाणी खोपडीसाठीही नको आणि मासळीसाठीही नको. लादी फोडताना उडालेले बारीक तुकडे लगेच झाडून बाहेर टाकावेत. राहिले तर रक्त-खवल्यांत मिसळून घसरडा लगदा होतो आणि माश्या येतात. थर्माकोलच्या पेटीची भिंत पातळ असेल तर पावसाळी हवेत तिला बाहेरून घाम सुटतो. दोन इंच जाडीची पेटी घ्यावी.

उरला पायांचा चिखल. काठापासून दारापर्यंतची वाट नुसता मुरूम टाकून टिकत नाही, तो काळ्या मातीत रुतत जातो. चुन्यानं ही माती सुधारते, तिचा चिकटपणा आणि फुगणं दोन्ही कमी होतं. दोन फूट रुंद, ३० फूट लांब वाट सहा इंच खोल खणून ढेकळं फोडावीत आणि साधारण ६० किलो विरलेला चुना, म्हणजे मातीच्या वजनाच्या पाच टक्के, सारखा मिसळावा. पाणी शिंपडून, मुठीत गोळा होईल एवढी ओल झाली की ठोकून घ्यावी, आठ-दहा दिवस ओली पोती टाकून ठेवावी, मग वर दोन इंच कच. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. चिखलावर गवत किंवा भुसा टाकू नये. दोन दिवस बरं वाटतं, मग ते कुजून आणखी घसरतं.

दाराबाहेर दोन खुंट्यांमध्ये लोखंडी पट्टी उभी ठोकावी, चपलेचा चिखल तिच्यावर खरवडायचा. शेजारी सपाट दगड आणि ड्रमातलं पाणी, मग चार इंचांचा उंबरा, उंबऱ्याच्या आत पोतं. पोतं रोज झटकून उन्हात टाकावं, नाहीतर तेच ओलीचं घर होतं. बाज भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावी, तिच्याखाली सामान कोंबू नये.

पाणी घरात शिरलंच तर

पुराचं पाणी चढायला लागलं तर बर्फाची पेटी, गॅस आणि अंथरूण उचलून निघावं, खोपडी वाचवत बसू नये. पाणी उतरल्यावर मात्र घाई करावी. गाळ ओला असतानाच फावड्यानं काढून भरपूर पाण्यानं धुवावा. एकदा वाळला की तो सिमेंटसारखा बसतो आणि काढताना फरशी उचकटते. गिट्टीच्या थरात गाळ शिरला असेल तर तळाच्या दोन पाइपांतून गढूळ पाणी बराच वेळ येत राहतं. तसं दिसलं तर फरशी आणि कागद काढून गिट्टी बाहेर घ्यावी, चाळून, धुऊन परत भरावी. तो थर गच्च झाल्यावर वर काहीही केलं तरी उपयोग नसतो. भिजलेला लेप पोकळ वाजत असेल तेवढाच खरवडून काढावा, कूड आठवडाभर उघडा ठेवावा आणि आतल्या पऱ्हाट्या हाताला कोरड्या लागल्यावरच नवा लेप द्यावा.